उन्हाचा पत्ता

५ जानेवारी, रविवार

आज गच्चीवर ऊन आलं अकरा वाजून दहा मिनिटांनी. शेजारचा टॉवर उभा राहायच्या आधी सातला यायचं. के. आर. पुरममध्ये आम्ही घर बांधलं तेव्हा पूर्वेला नारळाची बाग होती. आता चौदा मजले आहेत. सोलर हीटरचं पाणी कोमट राहतं, शुभदाचे गुडघे सकाळी धरलेले असतात, आणि मी, ज्याने एकतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत उपग्रहांची सौर पॅनलं तपासली, तो स्वतःच्या घरात स्वेटर घालून उन्हाची वाट बघत बसतो. बंगलोरची हवा छान असं सगळे म्हणतात. त्यांच्या शेजारी टॉवर नसावा.

आज लेखी नोंद करतो: आम्ही पोर्तुगालला जाऊन राहायचं ठरवलं आहे.

शलाका, आमची एकुलती मुलगी, सात वर्षांपासून नवऱ्यासह लिस्बनला आहे; नात कस्तुरी तिथेच जन्मली. पण ही कल्पना तिची नाही, माझीही नाही. दिवाळीत पणत्या लावताना शुभदा सहज म्हणाली, "अहो, आपणच जाऊन राहू या का तिकडे?" मला आश्चर्य वाटलं. माहेरी सातारला चार दिवस राहायचं तर हिचा जीव इथल्या कुंड्यांत अडकतो. गुडघे फार दुखत असणार.

पेन्शनवर राहणाऱ्या परदेशी लोकांना ते व्हिसा देतात. अर्जासोबत तिथल्या घराचा भाडेकरार लागतो, म्हणजे घर इथे बसूनच निवडायचं. अर्ज द्यायची तारीख ३ मार्च मिळाली आहे. दोन महिने. माझ्यासारख्याला पुरेत.

८ जानेवारी, बुधवार

गावांचा तक्ता केला. आडव्या रकान्यात लिस्बन, एव्होरा, फारो, ताविरा. उभ्या रकान्यात वर्षातले उन्हाचे तास, डिसेंबरातलं तापमान, पाऊस, वारा, दवाखाना, बाजार. दक्षिण किनाऱ्यावरची गावं सरळ पुढे आहेत. वर्षाला तीन हजार तासांच्या आसपास ऊन! वाचूनच अंग शेकल्यासारखं झालं.

शुभदाला तक्ता दाखवला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "यात शाळा नाही?"

म्हटलं, "आपल्याला आता कुठली शाळा?"

"नाही, सहज," म्हणाली.

आम्ही दोघं फोनवर पोर्तुगीज शिकतो आहोत. मला ‘सोल’ म्हणजे सूर्य आला. ती भलतेच शब्द पाठ करत बसते: ताप, खोकला, औषध, उशीर झाला. ‘फेब्रे’ म्हणजे ताप; ‘फेब्रे, फेब्रे’ करत आज कुकरची शिट्टी विसरली.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी साडेतीनला शलाकाचा व्हिडिओ कॉल. तिथे सकाळचे दहा. तिला ताविराचं सांगितलं. "छान गाव आहे बाबा," म्हणाली. वाळली आहे. केस कापलेत, त्याने तशी दिसत असेल. मागची भिंत वेगळी वाटली. घराला रंग दिला का विचारलं, तर म्हणाली, "हो, थोडं बदललंय." कस्तुरी नव्हती. रविवारी ती कधीच भेटत नाही, पोहायच्या क्लासला असते. सहा वर्षांच्या पोरीला दर रविवारी पोहायला लावतात. परदेशातल्या आईबापांची शिस्त.

जावई, रोशन, तोही दिसला नाही. तो तसाही माझ्यासमोर येत नाही. तो आणि शलाका व्हाइटफील्डच्या एका कंपनीत एकत्र होते. मुलगा मंगळूरचा, ख्रिश्चन. लग्नाला विरोध करताना धर्माचं कारण मी कधी तोंडातून काढलं नाही, कारण मी स्वतःला सुधारक समजतो. तीन वर्षांत तीन नोकऱ्या सोडलेला मुलगा, हे कारण सांगितलं. तेव्हा मी दोन शब्द कडक बोललो असेन. पण ते जुनं झालं. आता सगळं सुरळीत आहे.

कॉल झाल्यावर शुभदा हीटरची टाकी बघायला म्हणून वर गेली. पाऊण तास खाली आली नाही. गुडघे दुखतात आणि गच्ची चढते. सांगून ऐकत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आम्ही तिळगूळ केला, समोरच्या रंजिताने एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, आणि उसाची कांडी आणून दिली. आमच्याकडे एकोणीस वर्षं कामाला असलेली यल्लव्वा आज साडी नेसून आली. ती अथणीकडची, त्यामुळे आमच्याशी मराठीत बोलते. तिच्या मराठीत अर्धं कानडी असतं आणि आमच्यात आता पाव.

तिळगूळ घेताना म्हणाली, "अण्णा, तुमी जानार ते गाव आन् शलाकाक्का ऱ्हाती ते गाव एकच का?"

"नाही. आगगाडीने साडेतीन तास."

तिने तिळगूळ तोंडात टाकला. "एवडं विमानात बसून जायचं, आन् पोरगी परत दुसऱ्या गावातच? मग इतंच जवळ होसकोटेला घ्या की घर. तितंबी ऊन हाय."

मी हसलो. शुभदा हसली नाही.

२० जानेवारी, सोमवार

आज गंमत झाली. भर दुपारी दीडला कस्तुरीचाच फोन. शाळेला निघायच्या आधी आईच्या फोनवरून तिने स्वतः लावला होता. समोरचे दोन दात पडलेत. मराठी बोलते, पण पोर्तुगीजच्या चालीवर, त्यामुळे प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वाटतं.

मी विचारलं, "रविवारी कुठे असतेस गं? पोहायला?"

ती म्हणाली, "पोहायला? नाही आजोबा. आज सोमवार ना, सोमवारी मी ममाची. शुक्रवारपर्यंत ममाची."

मुलांचं एकेक गणित असतं. आठवड्याचे दिवस वाटून घेतलेत बाईसाहेबांनी! मी शुभदाला हाक मारून सांगितलं. तिने माझ्या हातून फोन घेतला आणि "शाळेला उशीर होईल हं, बाळा," म्हणून बंद केला. मला अजून बोलायचं होतं. थोडा राग आला.

२६ जानेवारी, रविवार

रघुनंदन आला होता. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो आणि सहा महिन्यांच्या अंतराने निवृत्त झालो. तो मेलबर्नला मुलाकडे दोन वर्षं राहून परत आला आहे. तक्ता त्याला फार आवडला. म्हणाला, "उमाकांत, मुलांपासून तीन तासांवर राहावं. रागाने उठून जाता येत नाही आणि त्यांनाही आपल्याला गृहीत धरता येत नाही. मी मुलाच्या घरात होतो. डिशवॉशर कसा लावायचा यावरून सुनेने माझी दोन वेळा परीक्षा घेतली."

आम्ही खूप हसलो. शुभदा चहा घेऊन आली. तिला म्हणाला, "वहिनी, तुमचं मत?"

"माझं काय," ती म्हणाली. "मला माणसं जवळ असली की बरं वाटतं." आणि आत गेली. रघुनंदन गेल्यावर विचारणार होतो, राहून गेलं.

ताविरा नक्की. दोन खोल्या, पांढरं घर, गच्ची थेट दक्षिणेकडे. दलालाने फोटो पाठवलेत. मी कोन काढले: डिसेंबरातल्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असेल आणि समोर एकमजली घरं. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अडथळा शून्य. एकतीस वर्षांत इतकं चांगलं पॅनल माझ्या हातून गेलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

शुभदाने स्वतःहून एक घर काढलं! लिस्बनमधलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, अरुंद गल्ली, तोंड उत्तरेला. फोटोतल्या सावल्यांवरून हिशेब केला. समोरची इमारत चार मजली. त्या घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्याचं दर्शन नाही. मागच्या खिडकीत उन्हाळ्यात तासभर.

म्हटलं, "अगं, तुझ्या गुडघ्यांसाठी निघालोय ना आपण? दोन मजले चढशील?"

"चढीन."

"आणि ऊन?"

"बाहेर जाऊन बसू उन्हात. बाग आहे जवळ."

"मग के. आर. पुरम काय वाईट आहे?"

ती भाजी निवडत होती. मेथीची पानं आणि देठ एकाच ताटलीत टाकत होती हे तिच्या लक्षात नव्हतं. मग म्हणाली, "ते घर शलाकाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे."

मी तिला रघुनंदनचं सांगितलं, तीन तासांचं अंतर, मुलांचा संसार, आपण मधे पडू नये. नीट समजावलं. तिने मान डोलावली. पटलं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार

ताविराच्या घराचा करार करण्याआधी कोणीतरी ते डोळ्यांनी पाहायला हवं. फोटोत ओल दिसत नाही. शलाकाला म्हटलं, एखाद्या शनिवारी तिघं गाडीने जाऊन या. ती म्हणाली, "बाबा, मला सध्या जमणार नाही." रोशनला पाठव म्हटलं, तर आवाज तुटायला लागला, नेटवर्क गेलं.

बराच वेळ विचार करत होतो. रोशनला मी आजवर स्वतःहून एकदाही फोन केलेला नाही. लग्नाला सात वर्षं झाली. आता तो राहतो त्या देशात म्हातारपण काढायला निघालोय तर एवढा ताठा बरा नव्हे. कामाच्या निमित्ताने बोलणं सुरू होईल. शुभदाला आधी सांगत नाही. नंतर सांगून चकित करीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी तीनला रोशनला फोन केला.

त्याने लगेच उचलला. "अंकल? सगळं ठीक ना?" घाबरलेला आवाज. आम्ही इंग्रजीत बोललो. म्हटलं, सगळं छान, एक काम होतं, ताविराचं घर बघून याल का, तुम्ही तिघं, सहल होईल. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून सगळं पुन्हा सांगितलं.

मग तो म्हणाला, "अंकल, मी जाऊन येतो. नक्की जातो. पण शलाकाला विचारा आधी. मी आता सेतुबलला राहतो."

"बदली झाली का?"

"अंकल," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका मऊ झाला की मला ते सहन होईना, "आम्ही मागच्या मार्चपासून वेगळे राहतो. कस्तुरी शनिवार-रविवार माझ्याकडे असते. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. आय ॲम सॉरी. हे माझ्या तोंडून कळायला नको होतं."

मी त्याला थँक यू म्हणालो. का म्हणालो माहीत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल शुभदाला विचारलं. ती पोळ्या करत होती. गॅस बंद केला, हात पुसले आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

अकरा महिने. एकाच छपराखाली, एकाच ताटातल्या कोशिंबिरीत चमचे घालत अकरा महिने. मी ओरडलो. यल्लव्वा मागच्या दारी भांडी घासत होती, ती तशीच उठून बाहेर गेली.

शुभदा म्हणाली, "ओरडून झालं की सांगा. मग मी सांगते."

झालं. मग तिने सांगितलं. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, काही नाही. दोघं परक्या देशात नोकऱ्या आणि मूल ओढता ओढता एकमेकांशी बोलेनासे झाले. माणूस वाईट नाही, असं शलाका आजही म्हणते. सप्टेंबरात कस्तुरीला फणफणून ताप होता. शलाकाने तिला उचलून तीन मजले उतरवलं, दवाखान्यात नेलं. तिथून इकडे फोन केला. "कोणाला बोलावू कळत नाही आई, म्हणून तुला लावला," म्हणाली. इथे उजाडलं होतं. मी पेपर वाचत होतो. शुभदा तेव्हाही गच्चीवर गेली असणार, टाकी बघायला.

"मला का नाही सांगितलं? मला घाबरते ती?"

"घाबरत नाही," शुभदा म्हणाली. "ती म्हणाली, बाबांना उत्तरं द्यायची ताकद सध्या माझ्यात नाही. बरी झाले की सांगेन. मी तिला शब्द दिला होता."

"आणि म्हणून पोर्तुगाल. गुडघे वगैरे खोटं."

"गुडघे खरेच दुखतात हो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घरात बसवेना. स्टेशनवरून मेट्रो पकडली आणि व्हाइटफील्डच्या शेवटापर्यंत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली मुलं-मुली, कानात बोंडं घातलेली, सगळी शलाकाच्या तेव्हाच्या वयाची. प्रत्येकाचा बाप कुठेतरी काहीतरी गृहीत धरून बसला असेल.

मला राग येत होता तो नेमका कसला, हे शोधत होतो. मला वगळलं याचा. मी बावळट ठरलो याचा, पोहायचा क्लास, नवा रंग, सोमवारी ममाची. एखादं पॅनल असे आकडे देतं तर मी दहा मिनिटांत सांगितलं असतं की कुठेतरी तार तुटली आहे.

घरी येऊन माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. ‘दोन शब्द कडक’ म्हणजे नेमके कोणते, ते मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. सापडलं. १९ नोव्हेंबर २०१७. जसंच्या तसं उतरवतो:

‘शलाकाला स्पष्ट सांगितलं की तुझी निवड आहे, उद्या बिनसलं तर रडत माझ्या दारात यायचं नाही. तिने ऐकून घेतलं. एकदा बोललं की मन मोकळं होतं. रात्री झोप चांगली लागली. गॅस सिलिंडर आला.’

तिने ऐकून घेतलं. एवढंच लिहिलं आहे. तिचा चेहरा कसा होता, ते लिहिलेलं नाही. मी पाहिला नसावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून काय बोलायचं ते कागदावर काढत होतो. अकरा मुद्दे झाले. शुभदाने कागद घेतला, वाचला आणि घडी करून स्वतःच्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिला. म्हणाली, "हे सगळं तुमच्याबद्दल आहे."

साडेतीनला कॉल. रोशनने शलाकाला सांगितलंच होतं. ती समोर बसली होती, मला वाटतं, परीक्षेला बसल्यासारखी. मी तोंड उघडलं आणि सगळे मुद्दे गेले.

म्हटलं, "शलाका, मी तुला दारात यायचं नाही म्हणालो होतो."

ती म्हणाली, "हो."

"ते चुकलं."

ती खाली बघत म्हणाली, "बाबा, मी त्यासाठी गप्प नव्हते. म्हणजे थोडी त्यासाठी होते. पण जास्त यासाठी, की तुम्ही लगेच काहीतरी ठरवलं असतं. वकील कोण, रोशनला काय सांगायचं, मी परत यावं की नाही. मला कोणी काही ठरवायला नको होतं."

मी लगेच म्हणालो, "काही ठरवत नाही. आपण असं करू, एकच मोठं घर घेऊ. तू, कस्तुरी, आम्ही दोघं. तुला घरी यायला उशीर झाला तरी काळजी नाही, स्वयंपाक आई—"

"बाबा."

शुभदाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

"बाबा, माझ्या घरात नको," शलाका म्हणाली. रागाने नाही. स्वच्छ. "मी हे घर एकटीने उभं केलंय. भिंतीला रंग मी दिलाय, शिडी आणून. जवळ या. खूप जवळ या. पण किल्ली माझ्याकडे राहू दे. चालेल?"

मला लागलं. खोटं कशाला लिहू. मग म्हटलं, "सरी."

तिला हसू आलं. इतक्या वर्षांनी कानडीतलं ‘बरं’ ऐकलं असेल. म्हणाली, "आणि आमच्या इथे ऊन नाही हं बाबा. गल्लीत थंडीत बुरशी धरते. आईने दाखवलेल्या घरात तर मुळीच नाही. तुम्ही हिशेब केला असेलच."

"केला," म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताविराच्या दलालाला नकार कळवला. तो भला माणूस, कारण विचारलं. ‘गच्ची उत्तम आहे’ एवढंच लिहिलं.

लिस्बनच्या घराच्या मालकीणबाईंशी शुभदानेच बोलणी केली, पोर्तुगीजमध्ये, तिच्या त्या ताप-खोकल्याच्या शब्दांतून वाट काढत. बाई सत्तरीच्या आहेत. शुभदाने दोन वाक्यांत नात, शाळा, मुलगी एकटी, हे सांगितल्यावर त्यांनी कराराचा कागद त्याच दिवशी पाठवला.

मी तक्ता फाडला नाही, असा नाटकीपणा मला जमत नाही. पण आकडे पुन्हा पाहिले. एकेक आकडा बरोबर आहे. फक्त जे मोजायला हवं होतं त्याचा रकानाच मी पाडला नव्हता. शुभदाने एकदा विचारलं होतं, "यात शाळा नाही?"

यल्लव्वाला सांगितलं की आता शलाकाच्याच गावात जातोय. तिने "हां, आता सरी," म्हटलं आणि केर काढू लागली. थोड्या वेळाने पाठमोरीच म्हणाली, "टावरमधल्या दोन घरांनी मला विचारलंय. पुढच्या म्हयन्यापासून हो म्हनू का, अण्णा?" तिचं काय होणार हा प्रश्न मला या दोन महिन्यांत एकदाही पडला नव्हता. लाज वाटली. हो म्हण, म्हटलं. शुभदाने तिला जवळ घेतलं आणि दोघी मोरीपाशी उभ्या राहून बराच वेळ कानडीत बोलत होत्या. मला त्यातलं स्वल्पच कळलं.

३ मार्च, सोमवार

व्हिसाचे कागद दिले. खिडकीवरची मुलगी हुबळीकडची असावी. कागद चाळताना म्हणाली, "सर, लिस्बन? पेन्शनवाले बहुतेक खाली किनाऱ्याला जातात. उन्हासाठी."

"मुलगी तिथे आहे," मी म्हटलं.

तिने मान हलवून शिक्का मारला. आमच्यासारखे तिच्याकडे रोज येत असतील. बाहेर पडल्यावर शुभदा म्हणाली, भूक लागली. समोरच्या दर्शिनीत उभ्यानेच इडली-वडा खाल्ला. तिच्या गुडघ्यांकरता मी स्टूल शोधत होतो, पण ती म्हणाली, आज उभं राहवतंय.

रोशनचा मेसेज आला होता. कागद झाले का, विमानतळावर गाडी घेऊन येऊ का. मी शलाकाला विचारलं काय कळवू. "येऊ दे की," म्हणाली. "सामान खूप असेल." मी त्याला होकार कळवला. शेवटी आणखी काय लिहावं कळेना, तेव्हा ‘काळजी घे’ असं लिहिलं.

१० मार्च, सोमवार

दुपारी शलाकाचा फोन. व्हिडिओ नाही, साधा. ऑफिसात होती, घाईत. मला वाटलं व्हिसाचं विचारते आहे.

"बाबा, कस्तुरीच्या शाळेचा फॉर्म भरतेय. मुलांना न्यायला कोण कोण येऊ शकतं त्याची नावं द्यावी लागतात. माझं आणि रोशनचं आहे. तिसरी ओळ गेलं वर्षभर रिकामी आहे, शाळेवाले सारखे विचारतात. तुमचं लिहू?"

"आईचं लिही," मी म्हटलं. "तिला भाषा येते."

"आईचं चौथ्या ओळीत लिहितेय. तिसऱ्यात तुमचं. पासपोर्टवर आहे तसं स्पेलिंग सांगा."

सांगितलं. एकेक अक्षर. ती टाइप करत होती, मला की-बोर्डचा आवाज येत होता. नातं काय, तेही तिने मोठ्याने म्हणत लिहिलं, पोर्तुगीजमध्ये. तो शब्द माझ्या फोनमधल्या धड्यांत अजून आलेला नाही.

मग तिचा आवाज बदलला. "बाबा, हे नाव दिलं की शाळेतून तुम्हाला फोन येणार. कधीही. पोट दुखतं म्हणून, पडली म्हणून, मी मीटिंगमध्ये असले म्हणून. तुम्ही जेवत असाल, झोपलेले असाल. समोरचा माणूस काय बोलतोय तेही कदाचित कळणार नाही." मग म्हणाली, "तुम्ही फोन उचलाल ना?"

"उचलीन," मी म्हटलं.